मराठीत सांग, बाबुश

मी बत्तीस वर्षं सावंतवाडीच्या शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त होऊन बांद्याजवळच्या आमच्या गावात परतले, पण समोरच्याचा शब्द दुरुस्त करण्याची खोड काही गेली नाही. भाजीवालीलाही मी सोडत नाही. ग्लोरिया टीचर आली म्हटलं की लोक बोलायचे थांबतात, हे मला ठाऊक आहे. त्याचा मला थोडा अभिमानच होता.

आमच्या चर्चच्या हॉलमध्ये महिन्याच्या तिसऱ्या रविवारी मेडिकलची मुलं फुकट दवाखाना चालवायची. तोही मीच आणलेला. कॉलेजला पत्रांवर पत्रं लिहून त्यांना भंडावून सोडलं, तेव्हा कुठे ती आली. पाच-सहा शिकणारी मुलं आणि सोबत एक मोठे डॉक्टर. मुलं बहुतेक लातूर, बीडकडची, त्यांना आमची बोली ओ की ठो कळत नसे. म्हणून मी नियम घालून दिला होता, की टेबलापाशी शुद्ध मराठीत बोलायचं. कचेरीत गेल्यावर आम्ही भाषा बदलतोच, मग इथे बदलायला काय हरकत? रांगेत फिरून मी एकेकाला बजावत असे.

एप्रिलच्या रविवारी रांगेत बाबुश उभा दिसला. बाबुश माझा धाकटा भाऊ. अठ्ठावन्न वर्षांचा, चौथी शिकलेला, काजूच्या बागेत राबणारा. डॉक्टरचं नाव काढलं की पळणारा माणूस आपल्या पायांनी आला, तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. मी काय केलं, तर त्याची कॉलर सरळ केली.

"माका-तुका करू नको हां," मी म्हटलं. "मराठीत सांग, बाबुश."

त्याने मान हलवली. टेबलावर समर्थ नावाचा शेवटच्या वर्षाचा मुलगा होता. मी पलीकडेच नावं लिहून घेत होते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"सर, माझ्या हाडात दुखते," बाबुश म्हणाला. "चार दिवस झाले. हातापर्यंत जाते."

किती स्वच्छ बोलला! मला खरोखर बरं वाटलं. समर्थने विचारलं, ओझं उचलता का. बाबुशने काजूच्या पोत्यांचं सांगितलं. समर्थने खांदा दाबून पाहिला, रक्तदाब घेतला, तो थोडा जास्त निघाला. दुखण्याच्या गोळ्या दिल्या, चोळायला मलम दिलं, आठ दिवस पोती उचलू नका म्हणाला आणि पुढच्या महिन्यात परत यायला सांगितलं. मोठ्या डॉक्टरांनी कागदावर सही केली. हृदयाची पट्टी काढायचं यंत्र शेजारच्या टेबलावर होतं. दहा पावलं असतील.

मंगळवारी सकाळी बाबुश बागेत एका झाडाला टेकून बसला, तो उठला नाही. गाडीत घालून नेलं, पण बांद्याला पोहोचायच्या आतच सगळं संपलं होतं. तिथल्या डॉक्टरने हृदय म्हणून सांगितलं.

चर्चमध्ये सातव्या दिवसाची मीस, म्हणजे त्याच्यासाठीची प्रार्थना झाली आणि माणसं पांगली. बाबुशची बायको मारियान आणि मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होतो.

"आठवडोभर हड्ड्यात दुखता म्हणी होतो," ती म्हणाली.

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. हड्डें म्हणजे छाती. आमच्या घरात छातीला दुसरा शब्द नाही. लहानपणी सर्दी झाली की आई आमच्या हड्ड्याला तेल चोळायची. बाबुशने त्या शब्दाची आपल्या परीने मराठी केली होती, आणि मी, दोन्ही भाषा येणारी बहीण, हातभर अंतरावर बसून त्याच्या व्याकरणावर खूश झाले होते. छातीत दुखते, एवढंच मी पलीकडून म्हटलं असतं तर त्या मुलाने यंत्र लावलं असतं. माझी जीभ का झडली नाही त्या रांगेत!

मारियानला सांगून टाकायचं असं मी ठरवलं. दोष माझा आहे, मराठीत बोल असं मीच त्याला दटावलं होतं. मी तोंड उघडलं, पण ती आधी बोलली.

"शनवारी माका विचारल्यान, हड्ड्याक मराठीत काय म्हणतत? तुका लोकांत लाज वाटूक नको म्हणी होतो. मिया खंय शाळेत गेलंय? मिया सांगलंय, हाड." तिने माझ्याकडे पाहिलं. "चुकला काय गो बाय?"

तिचे डोळे रडून रडून सुजले होते. हो म्हटलं असतं तर ती उरलेला जन्म कशी जगली असती?

"नाय गो," मी म्हटलं. "बरोबर आसा."

"मगे तो डॉक्टर पोरगोच चुकलो."

मी होय म्हटलं.

मारियानने ते शेजारणीला सांगितलं, आणि दोन दिवसांत ते गावभर झालं. मेच्या तिसऱ्या रविवारी मुलं आली, टेबलं मांडून बसली. दुपारपर्यंत कोणी फिरकलं नाही. समर्थ माझ्याजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "टीचर, आमचं काही चुकलं का?"

मला काही कल्पना नाही, असं मी त्याला सांगितलं. अगदी शुद्ध मराठीत.