पुरे म्हणायचा मान

मी एक जुना दगडी नाल आहे आणि मी भयंकर भित्रा आहे. हसा मित्रांनो, खुशाल हसा! पहिलवानांनी उचलायचा दोन मणांचा काळा दगड, मधोमध कोरलेली मूठ, आणि म्हणे भीती वाटते! पण तुम्हाला कधी कुणी डोक्यावर धरलंय का? खाली एक जिवंत माणूस उभा आहे आणि त्याचे हात कापताहेत, हे मला दर नागपंचमीला कळायचं.

काटोल रस्त्याकडच्या खदानीत मला घडवलं आणि बैलगाडीतून नागपुरात, विणकरांच्या वस्तीतल्या आखाड्यात आणलं. वर्षभर मी कोपऱ्यात पडून असे. पोरं माझ्यावर ओले लंगोट वाळत घालायची. मला त्याचं काही वाटत नसे, जमिनीवर असलो की मी सुखी. नागपंचमी आली की मला तेल लागायचं, गुलाल लागायचा आणि मला कोपऱ्यातच पडून राहावंसं वाटायचं.

कारण आखाड्याचा एक नियम होता. मला नुसतं डोक्यावर नेऊन भागत नसे. गेल्या वर्षीचा मानकरी समोर बसून "पुरे" म्हणेपर्यंत खाली आणायचं नाही. आधी आणलं, तर मानाचा फेटा जुन्या मानकऱ्याकडेच राहायचा. आता सांगा, आपला फेटा दुसऱ्याच्या डोक्यावर जाणार असेल, तर ते "पुरे" तोंडातून लवकर कसं निघेल? म्हातारे म्हणत, मन मोठं की छोटं ते तिथंच कळतं. मला मात्र नुसती धडकी भरे.

अडुसष्ट साली मानकरी होता चंपतराव, तोही सलग सात वर्षं. माणूस वाईट नव्हता हो. पोरांना डाव शिकवायचा, कुणाचा हात मुरगळला की स्वतः मालिश करायचा. त्या वर्षी रुपराव पुढे आला. हा दिवसभर मागावर बसून नऊवारी विणणारा, अंगाने काटकुळा. त्याच्या वडिलांनी एकदा मला उचललं होतं आणि त्यांचा फेटा मागाच्या वर खुंटीला टांगलेला असे. धोटा फेकताना रोज तो दिसायचा. आपणही एकदा, बस, एवढीच त्याची इच्छा. वर्षभर तो येऊन मला आधी गुडघ्यापर्यंत, मग छातीपर्यंत उचलायचा. खरं सांगू? त्याच्या हट्टाने मलाही बरं वाटायचं. एरवी मला विचारतं कोण? पण आतडं उतरून त्याच्या पोटात गाठ आली होती. वजन उचलायला डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. हे त्याच्या बायकोला, यमुताईला ठाऊक होतं. आणि मला, कारण छातीकडे नेताना ती गाठ मला लागायची.

नागपंचमीला रुपरावने मला डोक्यावर नेलं. लोकांनी आरोळी ठोकली. मग सगळे चंपतरावकडे बघू लागले. चंपतराव बोलेना. रुपरावची मनगटं थरथरायला लागली. घाम माझ्या मुठीत उतरला आणि मी बोटभर सरकलो. मेलो, मेलो, असं ओरडावंसं वाटलं, पण मरणार मी नव्हतो.

बायका आखाड्यात येत नसत. यमुताई दारातूनच ओरडली, "अवो, ठेवा ना खाली! काहून जीव देऊन राहिले?"

"थांब वं!" रुपराव दात आवळून म्हणाला.

तशी ती चपला काढून सरळ लाल मातीत आली आणि चंपतरावसमोर उभी राहिली. "भाऊ, यायच्या पोटात गाठ आहे. पुरे म्हणा ना!"

चंपतरावने मान खाली घातली. त्याने हाताने डोक्यावरचा फेटा सावरला. तेव्हा यमुताई वळली आणि नवऱ्याला चिकटून, बरोबर माझ्याखाली येऊन उभी राहिली.

"आता पाडा," ती म्हणाली, "माह्याच डोक्शावर पाडा."

रुपरावने मला खाली आणलं. कण्हत, हळूहळू, पण टाकलं नाही. पोरांनी शिट्ट्या मारल्या. तो मातीत बसून ढसाढसा रडला. फेटा चंपतरावकडेच राहिला.

पुढच्या वर्षापर्यंत चंपतरावशी कुणी धड बोललं नाही. त्याला ते फार सललं. आपला फेटा फुकटचा नाही, हे त्याला साऱ्या वस्तीला दाखवायचं होतं. त्या नागपंचमीला दुसरं कुणी पुढे आलं नाही. चंपतरावने एका दमात मला वर नेलं. एरवी तो मला लगेच खाली ठेवायचा. या वेळी उभाच राहिला. लोकांच्या टाळ्या थांबल्या तरी उभाच. आणि मग माझ्या ध्यानात आलं, मित्रांनो, की मानकरी तर तो स्वतःच आहे. त्याला पुरे म्हणणारं कुणीच नाही! मी भीतीने गार पडलो.

"पुरे, चंपतभाऊ, पुरे!" गर्दीतून रुपराव ओरडला.

"तुले मान नाही म्हणायचा," चंपतराव कसाबसा म्हणाला.

त्याचा डावा हात सुटला आणि मी पडलो. त्याच्या पावलावर पडलो. जन्मभर ज्याला भ्यालो तेच माझ्याकडून झालं. तो आवाज मी तुम्हाला सांगणार नाही.

आता ऐंशी साल उलटलं. आखाडा ओस पडला, मला दाराबाहेर आणून टाकलंय. रुपरावचा माग गेला, तो कळमेश्वरला कारखान्यात जातो. सुट्टीच्या दिवशी चंपतराव काठी टेकत येतो, माझ्यावर बसतो, आणि रुपराव शेजारी पायरीवर. शाळेतली पोरं येऊन म्हणतात, "आजोबा, उठा गा, आमाले उचलू द्या." तो उठतो. दोघं-तिघं मिळून मला चार बोटं वर नेतात, चंपतरावचे डोळे लकाकतात, आणि लगेच तो ओरडतो, "पुरे रे, पुरे!"

मित्रांनो, मला उचलावंसं वाटलं तर जरूर या. कुणी उचललंच नाही, तर मी नुसता धोंडा आहे. पण एकटे येऊ नका. ज्याचं "पुरे" तुम्ही ऐकाल, असा एक माणूस बरोबर आणा. आणि कधी तुम्हीच समोर बसलेले असाल आणि वर धरणाऱ्याचे हात कापताना दिसले, तर फेटा जाऊ द्या, पण म्हणा. मी वरून वाट बघत असतो. लवकर म्हणा.