आंधळं झाकण

"झाकण काढलं की आधी खिशात टाकायचं. बाकावर नाही, बॉनेटवर नाही, खिशात. ज्याच्या खिशात झाकण, ती गाडी त्याची. तो ते परत बसवेपर्यंत दुसऱ्या कुणी गाडीला हात लावायचा नाही."

मामंजी हे ओरडून सांगत नसत. त्यांना ओरडताच येत नव्हतं. तरुणपणी एका गरम रेडिएटरचं झाकण त्यांनी घाईत फिरवलं होतं. वाफेच्या लोटाने हनुवटीपासून उजव्या कानापर्यंतची कातडी नेली आणि आवाजही अर्धा नेला. उरलेल्या आवाजात त्यांनी दोन मुलांना आणि एका मुलीला वाढवलं, शेड उभी केली. त्या आवाजाला घरात कुणी उलट बोलत नसे. फक्त वन्सं बोलायच्या. "अण्णा, पाणीच तर आहे, वाघ नाही," असं म्हणायच्या. मामंजी नुसतं मानेवरून हात फिरवायचे.

आमची शेड घराला लागून आहे. मधे फक्त कपडे वाळत घालायची जागा. मी लग्न होऊन आले तेव्हा सकाळी ओट्यापाशी बसून जप करायची. मामंजींना त्याचा वेगळाच उपयोग सापडला. इंजिन गरम असलं की ते शेडमधून विचारायचे, "सूनबाई, कितवी?" मी बोटं दाखवायची. चार माळा झाल्याशिवाय कुणी रेडिएटरजवळ जायचं नाही. चार झाल्या तरी वरची नळी आधी हाताने दाबून बघायची. ती मऊ लागली आणि तिच्यावर हात टिकला, तरच जाड फडक्याने झाकण थोडंसं फिरवायचं, बाजूला सरायचं, फुस्स थांबेपर्यंत वाट बघायची आणि मग काढायचं. भाऊजी गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्याकडे गाड्या पंख्याने नाही, वहिनींच्या पुण्याईने थंड होतात."

मामंजींना जाऊन सहा वर्षं झाली. त्या सकाळी मी शेडचे कपडे भिजवायला घेतले. ते कपडे मी वेगळ्या बादलीत भिजवते आणि आधी खिसे रिकामे करते. ह्यांच्या पँटच्या खिशातून दोन स्क्रू निघाले, तारेचा तुकडा निघाला, आणि मग रेडिएटरचं झाकण.

ते हातात घेऊन मी उभीच राहिले. आदल्या दिवशी दुपारी हे शेडमधून आले ते भिंतीला धरत. अंग भट्टीसारखं तापलेलं. कपडे मीच बदलले आणि गोळी देऊन झोपवलं. तेव्हा खिशात काय आहे हे बघायचं भान कुणाला होतं?

मी आत गेले. ताप उतरला नव्हता.

"अहो, हे कुणाचं?"

ह्यांनी एक डोळा उघडला. "ताईचं. रबर चिरलंय. नवीन घालायचंय."

"मग गाडीवर काय आहे?"

"आंधळं," हे म्हणाले. "गळती बघायला लावलंय. भाऊला सांग, हात लावू नको. मी उठलो की काढतो." आणि पुन्हा डोळा मिटला.

ताई म्हणजे वन्सं, घरात त्यांना सगळेच ताई म्हणतात. त्यांची गाडी आदल्या दिवसापासून शेडमध्ये दुरुस्तीला होती.

आंधळं झाकण ही मामंजींची करणी. रेडिएटरच्या झाकणात एक स्प्रिंग असते. आतला दाब फार वाढला की ती उचलली जाते आणि जास्तीचं पाणी शेजारच्या बाटलीत निघून जातं. झाकणाला तेवढाच एक डोळा. मामंजींनी एका जुन्या झाकणाचा तो डोळा कथलाचा डाख देऊन कायमचा बंद केला होता. ते लावून इंजिन पाचदहा मिनिटं चालवायचं, की दाब वाढतो आणि एरवी न दिसणारी बारीक गळती दिसते. गळती दिसली की इंजिन बंद, चार माळा, आणि झाकण लगेच उतरवून खिळ्यावर. ते लावून गाडी शेडच्या दारापर्यंतसुद्धा न्यायची नाही. ओळखू यावं म्हणून त्यांनी त्याला लाल रंग दिला होता, पण इतक्या वर्षांच्या तेलाने तो काळा पडला होता.

मी ओल्या हातांनीच शेडमध्ये गेले. वन्संची पांढरी गाडी जिथे उभी होती तिथे फरशीवर नुसते चाकांचे ठसे. भाऊजी एका टेम्पोखाली होते. बाहेर फक्त त्यांचे पाय.

"भाऊजी, वन्संची गाडी?"

"गेली की. आठ वाजता आल्या बाईसाहेब." ते खालूनच बोलत होते. "म्हणाली, दादा कुठाय? म्हटलं, तापलाय. म्हणाली, दादा तापू दे, गाडी थंड आहे ना? मग दे किल्ली."

"तुम्ही दिली?"

"नाही तर काय करू? ती काय ऐकणारी आहे? आणि काम झालेलंच होतं. पाणी बरोबर खुणेवर, झाकण घट्ट, बाकावर सुटं काही नाही."

मी वाकून हातातलं झाकण त्यांच्या पायांजवळ फरशीवर ठेवलं. ठेवल्याचा आवाज झाला. भाऊजी सरकत बाहेर आले, त्यांनी आधी झाकणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुठे होतं?"

"ह्यांच्या खिशात."

आम्ही दोघांनी एकदमच भिंतीकडे पाहिलं. पान्यांच्या फळीच्या टोकाला एक खिळा आहे. तो रिकामा होता.

भाऊजी खालीच बसले. "वहिनी, मी बघितलं होतं हो. सुटं झाकण कुठेच नव्हतं. आपल्याकडे सुटं झाकण दिसलं नाही म्हणजे ते कुणाच्या तरी खिशात, हे आठवायला हवं होतं." दुसऱ्या कुठल्याही गॅरेजमध्ये झाकण बाकावर पडलं असतं, कुणाच्या तरी नजरेला आलं असतं. आमच्याकडे ते खिशात होतं. आणि खिसा तापाने फणफणत घरी येऊन झोपला होता.

वन्सं डोंगरावरच्या दवाखान्यात नर्स आहेत. आठवड्यातून दोनदा वर जातात. सपाटीवरून दीड तासाचा रस्ता, त्यातला निम्मा नुसता चढ. शेडमधलं घड्याळ सव्वानऊ दाखवत होतं. म्हणजे चढ सुरू होऊन बराच वेळ झाला होता. चढावर इंजिन तापतं, पाणी फुगतं आणि बाहेर पडायला वाट शोधतं. ती वाट मामंजींनी स्वतःच्या हाताने बुजवलेली. मग कुठलीतरी नळी फुटणार. नाही फुटली, तर सुई वर गेलेली बघून वन्सं थांबणार, बॉनेट उघडणार, आणि पाणीच तर आहे म्हणून झाकणावर हात ठेवणार.

भाऊजींनी फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावताना त्यांच्या अंगठ्याला आकडे सापडेनात.

"द्या इकडे," मी म्हटलं.

मी लावला आणि देवाची कृपा, वाजला.

"बोल गं वहिनी, लवकर बोल, इथे रेंज येते आणि जाते."

"वन्सं, गाडी कुठे आहे?"

"गाडी माझ्यासमोर आहे आणि धुसफुसतेय. तुझ्या नवऱ्याने काय दुरुस्ती केली ती त्यालाच ठाऊक. सुई पार लालमध्ये गेली. आत्ता थांबवली."

"बॉनेट उघडलंत?"

"उघडलं. वरची नळी बघ कशी फुगलीय, दंडाएवढी. पाण्याची बाटली काढलीय, आता ओतते."

"वन्सं, हात लावू नका. आधी मागे सरा. गाडीपासून लांब व्हा."

"झालं. अण्णा गेले आणि तू आलीस."

मी एरवी चढ्या आवाजात बोलत नाही. त्या दिवशीही चढवला नाही. फक्त एकेक शब्द सुटा करून सांगितला. "तुमच्या गाडीवर आंधळं झाकण आहे. चुकून राहिलंय. आतली वाफ कुठूनच बाहेर पडलेली नाही."

वन्सं त्याच शेडमध्ये वाढलेल्या. आंधळं म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"मी त्याच्यावर फडकं टाकलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज बदलला होता. "हातात धरलंच होतं, तेवढ्यात तुझा फोन वाजला."

"आता लांब आहात ना?"

"आहे. दहा पावलं."

"तिथेच थांबा. गार पाणी बाहेरूनसुद्धा ओतू नका. कुणीतरी येतंय."

"कधी येतंय? वहिनी, माझ्याजवळ लशींचा डबा आहे. बर्फ बारापर्यंत टिकेल, पुढे नाही. वर तेवीस बाळं येऊन बसतील. काहींच्या आया तर रात्रीच चालायला लागलेल्या असतात. मागच्या खेपेला गाडी तापली म्हणून मी गेलेच नाही. आज परत नाही गेले तर त्या बाया पुन्हा यायच्या नाहीत." आणि मग अगदी हळू, "मला इथे बसवणार नाही गं. तू मला ओळखतेस."

ओळखत होते, म्हणूनच भीती होती. वन्संना धीर हा शब्द लिहिता येतो, धरता येत नाही.

"बाराच्या आत डबा वर पोचेल," मी म्हटलं. "मी पोचवते. तुम्ही फक्त त्या गाडीजवळ जायचं नाही."

"तू? तू चालवणार चढावर?"

"मी."

"शब्द दे."

"दिला."

त्या काहीतरी बोलणार होत्या. पण पलीकडे मोठ्या गाडीचा ब्रेक करकरला, दार आपटलं आणि एक पुरुषी आवाज जवळ येत गेला. काय झालं ताई, तापली होय? सरा, मी बघतो. फडकं आहेच की.

"अहो दादा, नको, थांबा," वन्सं म्हणाल्या. तोंड फोनपासून लांब गेलं होतं. "अहो, तुम्हाला सांगतेय ना..."

आणि फोन तुटला.

मी पुन्हा लावला. क्षेत्राबाहेर. भाऊजी माझ्या तोंडाकडे बघत होते. ऐकलं ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी व्हॅनची किल्ली काढून माझ्यापुढे धरली.

"वहिनी, मी नेली तर पहिल्याच वळणावर घालीन."

"तुम्ही इथे थांबा. फोन लावत राहा. वरच्या दवाखान्यालाही लावा, कुणी खाली यायला मोकळं असेल तर पाठवायला सांगा. आणि ह्यांना यातलं काही सांगू नका. उठून बसतील."

फळीवरून नवीन झाकण काढलं. जुन्यावर कोरलेला दाबाचा आकडा आणि नव्यावरचा आकडा उजेडात धरून दोनदा जुळवला. कूलंटचा डबा घेतला, जाड हातमोजे घेतले, दोन पोती घेतली, आणि मलमपट्टीचा डबाही घेतला.

शेडमध्ये चालती गाडी एकच होती, मामंजींची जुनी व्हॅन. ती चालवायला त्यांनीच मला शिकवलं होतं, पण सपाटीवर. चढ मी कधी केला नव्हता. मी तिचं बॉनेट उघडलं. इंजिन रात्रभर थंड होतं, हात लावला तर लोखंड गार लागलं. झाकण काढलं, पाणी बघितलं. बोटभर कमी होतं. तेवढं घातलं, झाकण बसवलं आणि दोन्ही बाजूंनी दाबून पाहिलं.

"वहिनी, त्यात कशाला वेळ घालवता?" भाऊजी रडकुंडीला आले होते. "निघा ना."

"वाटेत हीसुद्धा तापली तर तिथे कोण येणार आहे?"

त्यांनी पुढे होऊन पोती व्हॅनमध्ये टाकली. माझ्या मनात मात्र तेच चाललं होतं जे त्यांच्या मनात होतं. तो माणूस. फडकं. हात. इथे मी जेवढी मिनिटं घालवते तेवढीच तिथेही जात होती. तिथे काय घडलं असेल ते घडूनही गेलं असेल. मला फक्त ते बघायला जायचं असेल. तरीही लशींचा डबा वर जायचा होता.

नाव मी मनातच घेतलं. माळ घरात राहिली होती.

किल्ली फिरवली. इंजिन दुसऱ्या खेपेला लागलं. भाऊजींनी शेडचं दार पुरं उघडून धरलं, फोन कानाला तसाच. मी घराच्या खिडकीकडे पाहिलं. आतून ह्यांच्या खोकल्याचा आवाज आला आणि थांबला. हळूच गाडी रस्त्यावर घेतली आणि चढाच्या दिशेला वळवली.