पंधरा मिनिटं पुढचं घड्याळ

अच्युत वैरागडे नागपूरहून भोपाळच्या कारखान्यात लागला त्याला अठरा वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत गेटवर त्याला एकदाही उशीर झाला नव्हता. याचं सगळं श्रेय क्वार्टरच्या भिंतीवरल्या घड्याळाला. ते पंधरा मिनिटं पुढे असायचं, आणि मनगटावरलंही त्याच्याबरोबरच लावलेलं. पुढे आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक. मग त्याचा उपयोग काय, असं शेजारी विचारत. पण काही माणसांना स्वतःला फसवल्याशिवाय शिस्त लागत नाही, त्यातलाच हा.

त्याची कांचन यंदा तिसरीत होती आणि शाळेत घड्याळ शिकत होती. टाउनशिपच्या त्या शाळेची रीतच होती, की ज्याला घड्याळ नीट वाचता येईल त्याच्या हाती आठवडाभर शाळेची घंटा. ती पितळी घंटा कांचनच्या स्वप्नातही वाजायची.

शनिवारी संध्याकाळी अच्युत कामावरून आला तर पोर रडून लाल झालेली.

"मॅडमनी विचारलं, कितने बजे हैं? मी म्हटलं, पौने बारह. सगळे हसले! मॅडम म्हणाल्या, बारह बजे हैं, ध्यान से देखो. आता सोमवारी प्रार्थनेआधी एकच चान्स आहे, बाबा."

"अगं, दोन्ही काटे बारावर आले की बाराच वाजतात," तिची आई प्रमिला म्हणाली.

"नाही, पावणेबारा," कांचन ठासून म्हणाली.

अच्युतने भिंतीकडे बोट केलं. घड्याळात पावणेसात झाले होते. "आता सांग, किती वाजले?"

"साडेसहा."

"बरोबर!" तो म्हणाला, आणि मग त्याने जीभ चावली. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार! त्याला फार वाईट वाटलं. स्टूल ओढून तो वर चढला आणि घड्याळ बरोबर लावलं.

"सोमवारी तुमचं गेट चुकायचं हो," प्रमिला म्हणाली.

"कारखाना काय माझ्यावाचून अडलाय?"

रविवारी दिवसभर येता-जाता घरात एकच प्रश्न होता, किती वाजले. कांचन कधी बरोबर सांगायची, कधी सवयीने पंधरा मिनिटं खाऊन टाकायची.

सोमवारी सकाळी घड्याळात पावणेआठ झाले. म्हणजे साडेसात, असा नेहमीचा हिशेब करून अच्युतने आणखी अर्धा कप चहा मागितला. तो बुटाची नाडी बांधत होता तेवढ्यात आठचा भोंगा झाला.

गेटवर अर्ध्या दिवसाची रजा लागली. त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. मन शाळेतच होतं. बाजारात उगाच दोन चकरा मारून तो शाळेच्या भिंतीपाशी आला आणि सायकल टेकवून उभा राहिला. एवढ्या वर्षांत शाळेची घंटा त्याने कधी ऐकलीच नव्हती. त्या वेळी तो नेहमी मशीनवर असायचा.

घंटा वाजली. पण वाजवतंय कोण? त्याने टाचा उंच करून आत पाहिलं. व्हरांड्यात लाल रिबिनीच्या दोन वेण्या प्रत्येक ठोक्यागणिक उडत होत्या.

अच्युतने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. पावणेअकरा. हे मात्र बदलायचं राहूनच गेलं होतं. डोळे पुसून त्याने काटे मागे फिरवले आणि घड्याळ लेकीच्या घंटेबरोबर लावलं. साडेदहा.