पडद्याआडचा अंगठा

बोलतोय तो मी, पडदा. खिडकीवर झुळझुळणारा नव्हे, ते लाडावलेले. मी दवाखान्यातला. लोखंडी पाइपांची तीन पानांची चौकट, खाली चाकं, मधे हिरवं कापड. कुणाची जखम धुवायची असली, कपडे बदलायचे असले, शौचाचं भांडं द्यायचं असलं की मला खाटेभोवती उभा करतात. काम एवढंच, आत जो निजलाय त्याची लाज राखायची. पण बहुतेक वेळा मी बाहेरच्यांचीच लाज राखत आलो, आणि ती राखण्याच्या लायकीची होती असं मला कधी वाटलं नाही.

शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. कायद्याची कलमं मला विचारू नका. पण खाटेशेजारी इतका काळ उभं राहिल्यावर दगडालाही थोडं कळतं. माणसांना कळत नाही, कारण ती उभी राहत नाहीत. येतात, नाक खुपसतात नि जातात.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमधला. ज्या वेल्डरनं मला जोडलं त्याचा एक डोळा मोबाइलवर होता, म्हणून माझं डावं पान आजही कलतं. रंगाऱ्यानं गंज न घासता वरून रंग फासला. "दवाखान्यात जायचाय ना? तिथं कोण बघतंय," म्हणाला. जगात आल्या आल्याच मला माणसाची जात कळली. कुणी बघत नसताना तो काय करतो, तेवढंच त्याचं खरं.

मग मी बायकांच्या वॉर्डात आलो. तिथं माझ्याआड काय चालायचं म्हणता? डबे खाल्ले जायचे. डुलक्या काढल्या जायच्या. नवऱ्यांच्या कागाळ्या फोनवर सांगितल्या जायच्या. आणि जिथं खरी माझी गरज, तिथं मी भिंतीला टेकलेला. मोठे डॉक्टर राउंडला आले की शिकाऊंचा घोळका आत घुसायचा, बाईचं पांघरूण बाजूला, आणि मला लावायची आठवण कुणाला व्हायची तर साहेब पुढच्या खाटेवर गेल्यावर.

नव्या नर्सपोरींना घेऊन एक ट्यूटरबाई यायच्या. "रुग्णाची संमती, रुग्णाचं गुपित, रुग्णाचा सन्मान," असं मोठ्यानं म्हणून घ्यायच्या. पोरी पोपटासारख्या म्हणायच्या. आणि हे सगळं जिच्या उशाशी उभं राहून चालायचं, त्या बाईचं पोट साऱ्या वॉर्डासमोर उघडं असायचं. तिला कुणी विचारलं नव्हतं, की बाई, तुझ्या पोटावर शाळा भरवली तर चालेल का? पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हे.

वॉर्डाच्या प्रमुख होत्या मोठ्या सिस्टर. कामाला वाघ, पण सगळ्या रोगांवर त्यांचं औषध एकच, "पडदा लाव नि उरक." त्यांच्या हाताखाली एक नर्स होती, काडीसारखी सडपातळ, म्हणून वॉर्डात सगळे तिला काडीच म्हणायचे. बोलायला फटकळ, चालायला घाईची. तिची मी तारीफ करणार आहे असं समजू नका. जे झालं त्यात पहिली चूक तिचीच होती.

खिडकीजवळच्या खाटेवर एक शिवणकाकू होत्या. घरी पायाच्या मशीनवर कपडे शिवून त्यांनी मुलाला वाढवलं होतं. साखरेच्या आजारानं त्यांच्या उजव्या पायाचं बोट काळं पडलं होतं. ते बोट काढायचं, एवढंच त्यांना माहीत होतं. सर्जनसाहेबांनी मात्र पाय गुडघ्याखालून काढायचा ठरवला होता. मुलाला ते सांगितलं होतं. मुलगा म्हणाला, आईला सांगू नका, खचेल. साहेबांना बरंच झालं. सांगायला वेळ लागतो, रडणं ऐकावं लागतं. मुलाची सही घेतली नि मोकळे झाले.

ऑपरेशनच्या सकाळी साहेबांचा फोन आला, पायवाली केस पहिली, इंजेक्शन देऊन खाली पाठवा. ते इंजेक्शन गुंगीचं. रीत अशी, की आधी संमतीच्या कागदावर पेशंटची सही बघायची, मगच सुई टोचायची. काडीनं कागद बघितला. सही दिसली. कुणाची ते बघितलं नाही. टोचून झाल्यावर, स्ट्रेचर येईपर्यंत तिनं कागद पुन्हा उचलला आणि तिचं तोंड पांढरंफटक पडलं.

ती मोठ्या सिस्टरांकडे धावली. "सिस्टर, काकूंची सहीच नाही. मुलानं त्यांच्या जागी केलीय. आणि मी इंजेक्शन देऊन बसले."

"मग ओरडतेस काय? पडदा लाव."

आणलं मला ओढत. मोठ्या सिस्टरांनी शाईचं पॅड आणलं. "अंगठा घे नि सोड खाली."

"काकूंना सही येते."

"आत्ता येते का बघ."

काडीनं काकूंच्या हातात पेन दिलं. ते बोटांतून घरंगळून चादरीवर पडलं. "बटण पडलं बघ ग खाली," काकू झोपेत पुटपुटल्या.

"बघितलंस? अंगठाच घे. साक्षीदार म्हणून तुझी सही ठोक. मी काय कमी घेतलेत असे? कुणाचं काही बिघडलं नाही."

"काकूंना पायाचं माहीत नाही, सिस्टर. काल मला विचारत होत्या, बोट गेल्यावर चप्पल पायात राहील का म्हणून."

"मुलाला माहीत आहे ना? घरचं माणूस आहे. आणि हे बघ, आता सही नाही म्हणून बोंब मारलीस तर इंजेक्शन कुणी दिलं ते आधी विचारतील. नोकरी नको झालीय का तुला?"

एवढं सांगून त्या निघून गेल्या. घाणीत हात दुसऱ्याचा घालायचा आणि आपण नळाशी जाऊन उभं राहायचं, ही कला त्यांना उत्तम येत होती.

आत उरलो मी, काडी आणि गुंगीतल्या काकू. काडीनं काकूंचा अंगठा धरला, पॅडवर टेकवला, निळा केला. कागदावर आणला. मी मनात म्हटलं, झालं, हीही त्यातलीच. एवढ्यात काकू डोळे मिटूनच म्हणाल्या, "माप घेतलंस का नीट? कापल्यावर मग कपडा जोडता येत नाही, बाई."

काडी थांबली. तिचं काळीज पाझरलं वगैरे सांगणारे सांगोत. मला विचाराल तर ती घाबरली. पण घाबरून लोक खोटं करतात, ही घाबरून थांबली, एवढा फरक मान्य करतो. तिनं स्पिरिटच्या बोळ्यानं अंगठा पुसला, निळा डाग राहिलाच. मग मला असं ढकललं की माझं एक चाक निखळलं. दारात स्ट्रेचर आलं होतं. "परत न्या. केस आज होणार नाही," ती म्हणाली.

थोड्याच वेळात साहेब थिएटरच्या कपड्यांतच वर आले. मागोमाग मुलगा. साऱ्या वॉर्डाच्या माना वळल्या.

"कोण म्हणतं संमती नाही? ही काय सही!"

"ती मुलाची आहे, साहेब. काकू काल चांगल्या शुद्धीत होत्या. त्यांना विचारायला हवं होतं. आता गुंगीत आहेत. ह्या अवस्थेत अंगठा घेतला तर तो त्यांचा नव्हे, माझा होईल. मी साक्षीला सही करणार नाही."

"गुंगीत आहेत म्हणजे? इंजेक्शन दिलं कुणी?"

"मी. कागद नीट न बघता दिलं. चूक माझी आहे."

साहेबांना वाटलं, सापडली. "चूक तुझी आणि खोळंबा माझा? उद्यापर्यंत पाय वर सडत गेला तर जबाबदार कोण?"

"तसं असेल तर आत्ताच लिहून द्या साहेब, की जीव वाचवायला थांबता येत नाही म्हणून. मी स्वतः स्ट्रेचर ढकलत आणते."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं नाही. कारण थांबता येत होतं. त्यांना थांबायचं नव्हतं त्याचं कारण वेगळंच. दुपारी त्यांना परगावी भाषण द्यायला जायचं होतं, वॉर्डातल्या झाडूवालीलाही ते माहीत होतं.

मग मुलगा पुढे झाला. "सिस्टर, आम्ही घरचे आहोत. तुमच्या कितीतरी आधीपासून आईला ओळखतो. तिला सांगितलं तर ती खचेल."

"आणि जाग आल्यावर पाय जागेवर नाही हे बघून काय हसतील?" काडी म्हणाली.

मुलगा साहेबांकडे बघू लागला. मला त्याची कीव नाही आली. आईला जपतोय म्हणत होता, जपत होता स्वतःला. तिचं रडणं त्याला बघायचं नव्हतं, एवढंच.

काडी तडक साऱ्या नर्सांच्या वरच्या मेट्रनबाईंकडे गेली आणि स्वतःची चूक स्वतःच सांगितली. मेट्रनबाईंनी ऑपरेशन थांबवलं आणि काडीला कारणं दाखवा म्हणून नोटीसही दिली. दोन्ही बरोबरच. पण मोठ्या सिस्टरांना विचारल्यावर त्या काय म्हणाल्या असतील? "मी तर हिला कितीदा सांगते, सह्या बघत जा म्हणून." चोराच्या उलट्या बोंबा! शाईचं पॅड त्यांच्याच टेबलावर होतं. जेवायच्या सुट्टीत सगळ्या नर्सा काडीपासून दूर सरकून बसल्या, जणू खरं बोलणं हा उडून लागणारा रोग आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू लख्ख जाग्या होत्या. काडी खाटेशी आली. "काकू, काल मी तुम्हाला इंजेक्शन आधी दिलं. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. चूक माझी."

"काय विचारायचं होतं?"

"ते साहेब सांगतील. मी इथंच उभी आहे."

काकूंनी हात वर केला. "आणि हा अंगठा निळा कसा?"

"मीच शाई लावली होती. उमटवला नाही."

"मला सही येते."

"माहीत आहे, काकू."

"माहीत असून अंगठा धरलास?" काकूंनी तिच्याकडे असं काही पाहिलं की मला बरं वाटलं. कुणीतरी तिच्याकडे तसं पाहायलाच हवं होतं.

साहेब आले. मेट्रनबाईंच्या चौकशीत भाषण बुडालं होतं, चेहरा कारल्याचा. उभ्या उभ्याच म्हणाले, "पाय गुडघ्याखालून काढावा लागेल. खाली रक्त पोचत नाहीये."

काकूंनी पायावरची चादर बाजूला केली. मग म्हणाल्या, "आणि काल हे मला न सांगता करणार होता?"

"तुमच्या मुलानं सही दिली होती."

"त्याच्या चड्ड्या मी शिवल्यात. माझा पाय त्यानं कधीपासून वाटायला काढला?" मुलगा दाराशी उभा होता, त्यानं मान खाली घातली. "साहेब, गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय मी आजवर झंपराची बाहीसुद्धा आखूड केली नाही. तुम्ही एवढे शिकलेले!"

साहेबांनी स्टूल ओढलं. त्या वॉर्डात त्यांना बसलेलं मी प्रथमच पाहिलं.

"नुसती बोटं काढली तर?" काकूंनी विचारलं.

"काढता येतील. पण जखम भरेल असं मला वाटत नाही. मग पुन्हा कापावं लागेल, कदाचित आणखी वरून."

"माझं मशीन पायाचं आहे."

"हो."

"एका पायानं चालतं का?"

"मला माहीत नाही," साहेब म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं सरळ वाक्य.

"मग दुपारी सांगते."

साहेबांनी खाटेच्या पायथ्याशी उभ्या काडीकडे पाहिलं आणि स्टूल मागे सरकवलं. दुपारी काकूंनी कागद मागवला. मुलाची सही खोडायला लावली. चष्मा पुसला, आणि कागद मांडीवर धरून आपलं पूर्ण नाव लिहिलं, वळणदार, कुठं घाई नाही. खाली साक्षीदार म्हणून काडीनं सही केली. मग काकू तिला म्हणाल्या, "आता तो पडदा लाव. आणि मुलाला जरा बाहेर थांबव. मला रडायचंय."

काडीनं मला लावलं. चाक गेल्यामुळे मी लंगडत गेलो, किरकिरत गेलो, पण गेलो. आत त्या बाईला मनासारखं रडता आलं. साऱ्या जन्मात मी खरं काम केलं ते तेवढंच. बाकी सगळी हमाली.

पाय दुसऱ्या सकाळी गेला. काकू कुबडी घेऊन घरी गेल्या. मशीन चालतं की नाही ते मला कुणी सांगायला आलं नाही, आणि येणारही नाही. खाट रिकामी झाली की चादर बदलतात, विषय संपतो. काडीला लेखी ताकीद मिळाली आणि वॉर्डातून काढून पट्ट्या गुंडाळायच्या खोलीत टाकलं. मोठ्या सिस्टरांच्या निरोपसमारंभात त्यांच्या सचोटीवर भाषण झालं. ते साहेबांनीच केलं.

मला आता धुलाईच्या खोलीत ठेवलंय. माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालतात. गळक्या बेसिनसमोर उभा आहे, पाहुणे आले की ते बेसिन दिसू नये म्हणून. म्हणजे ह्याही वयात दुसऱ्यांचीच लाज.

तुम्हाला मला कधी ओढून न्यावं लागलंच, तर आधी खाटेवरच्या माणसाला विचारा. एवढं जमत नसेल तर मला हात लावू नका. जे करायचंय ते उघड्यावर करा. निदान शेजारच्या खाटेवरचं माणूस तरी बघेल.