चौथा चिमटा

बिट्टीने सहाव्यांदा कार्ड उडवून दिलं. या वेळी ते कपाटाखाली गेलं. बिट्टीची आई जमिनीवर आडवी झाली, तिने फूटपट्टीने कार्ड बाहेर ओढलं, बाहीला पुसलं आणि दोरीवरच्या चौथ्या चिमट्यात पुन्हा अडकवलं. बिट्टीने चिमटा दाबला. कार्ड खाली.

"बिट्टी, आता पुरे."

सात वर्षांची तिची लेक चिमटा उघडत-मिटत राहिली. तोंडाने एकसुरी गुणगुण चालू होती. ती चढत गेली की पुढे किंचाळणं, हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

सोमवारी शाळेच्या बाई घरी येऊन बघणार होत्या. ऑटिस्टिक मुलांच्या वर्गात जागा एकच उरली होती. बिट्टीने ओळीने पाच कामं केली तर ती तिची, नाहीतर वर्षभर थांबा. दोन महिन्यांपूर्वी बिट्टी पाचही कामं गुणगुणत उरकायची. पण तेव्हा तिची स्वतःची आई होती, बिट्टीची आजी.

आई शिवणाच्या मशीनवर लोकांचे कपडे बेतून, उसवून नीट करून द्यायची. शिकवायच्या खेळण्यांचा रंगीत कॅटलॉग घरी आला तेव्हा आईने किमती वाचल्या, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, यातलं सगळं माझ्या चिंध्यांच्या पिशवीत आहे. मग भिंतीवर दोरी बांधली गेली. दोरीवर कपड्यांचे पाच चिमटे, चिमट्यांत बुटांच्या खोक्यातून कापलेली कार्डं: दात, नाश्ता, मणी, आजी, खेळ. 'आजी' म्हणजे मशीनपाशी बसून कापडाच्या पट्टीवरची पाच बटणं काजांत घालायची. काम झालं की बिट्टीने स्वतः कार्ड काढायचं, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायचं आणि म्हणायचं, "झालं." बिट्टीच्या मोजक्या शब्दांतला तो सर्वांत स्पष्ट.

एकदा कामावर जायच्या घाईत तिनेच मण्यांचं कार्ड काढून डब्यात टाकलं होतं. आईने ते परत दोरीवर लावायला लावलं. काम पुरं झाल्याशिवाय कार्ड हलायचं नाही, मग तू तिची आई असलीस तरी, असं वर ऐकवलं.

आई गेली त्या संध्याकाळी तिने 'आजी' कार्ड काढून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. पोरीला त्रास नको, असं सगळ्यांना सांगितलं. पुढे नवी कार्डं केली, चौथ्यावर स्वतःचा फोटो लावला, सगळी लॅमिनेट करून आणली. नवरा म्हणाला, माझ्या लायसन्सचासुद्धा कधी एवढा थाट झाला नाही. ती हसली नाही. तेव्हापासून रोज हेच: तीन कार्डं सुरळीत, चौथ्यापाशी युद्ध.

आज तिने बिट्टीचा हात धरून चिमट्यापासून ओढला. जरा जोरातच. बिट्टी किंचाळली, कानांवर हात दाबून मशीनच्या कोपऱ्यात जाऊन बसली. ती भिंतीला टेकून उभी राहिली. आईने काय केलं असतं, हा प्रश्न आता तिला नुसता डोक्यात आला तरी चीड यायची.

बऱ्याच वेळाने ड्रॉवर सरकल्याचा आवाज आला. बिट्टीने बटणांची पट्टी बाहेर काढून मशीनवर पसरली. हे ती रोज करायची आणि पसारा नको म्हणून ही रोज पट्टी आत टाकायची. आजही पुढे झाली. पट्टी उचलता उचलता थांबली.

तीन बटणं लावलेली. दोन उघडी.

गेली त्या दुपारी आई म्हणाली होती, जरा पडते, डोकं जड झालंय. कार्ड पडून डबा वाजलाच नव्हता.

एव्हाना बिट्टी उठून दोरीपाशी गेली होती. रिकाम्या चौथ्या चिमट्यावर बोट ठेवून उभी होती.

तिने पर्स आणली. आतल्या कप्प्याची चेन दोनदा अडकली. कार्डाचा एक कोपरा दुमडला होता, तो तिने नखाने सरळ केला आणि कार्ड चिमट्यात लावलं.

बिट्टी बघत राहिली. मग मशीनपाशी जाऊन बसली. चौथं बटण. पाचवं अर्ध्यावर अडकलं. हिचे हात आपोआप पुढे गेले, ते हिने मागे घेतले. बटण काजातून पार झालं. बिट्टी परत आली, कार्ड काढलं आणि डब्यात टाकलं. पत्रा वाजला.

कार्ड पुन्हा पर्समध्ये ठेवायला हिने डब्यात हात घातला. कार्ड बोटांना लागलंही.

बिट्टीने तिचं मनगट धरलं, हात उचलून बाहेर काढला आणि डब्यावर झाकण दाबून बसवलं.

"झालं," बिट्टी म्हणाली.

बिट्टी थोडी थांबली. मग ते मनगट न सोडता तिला पाचव्या चिमट्याकडे घेऊन गेली.