पाचवी ओळ

पुस्तक माझ्या हातात उघडे होते आणि माझी बहीण, रश्मीताई, दारात उभी होती. उपकेंद्राच्या व्हरांड्यात मदतनीस सोमारीबाई औषधांची रिकामी खोकी चपटी करून रचत होती. तेवढाच काय तो आवाज. ताईने चपला काढल्या, लसींची पेटी टेबलावर ठेवली आणि समोरच्या स्टुलावर बसली. मी पान मिटले नाही. मिटले असते तर ते लपवणे झाले असते, आणि उघडे ठेवणे ही कबुली होती. शब्दांवाचूनच्या अशा पोकळीवर एके काळी मी फार जीव टाकत असे. कवितेत ती सुंदर दिसते.

पुस्तक माझेच. स्पर्धा परीक्षांचे तीन निकाल ओळीने विरोधात गेल्यावर मी कवितासंग्रह पत्र्याच्या पेटीत बंद केले आणि यशाची पुस्तके वाचू लागलो. विक्री कशी वाढवावी, वेळ कसा वाचवावा, कोणती माणसे जोडावीत आणि कोणती तोडावीत. मराठीत एम.ए. केलेल्या माणसाला ती भाषा खरबरीत वाटायला हवी होती. पण हरलेल्या माणसाला आज्ञार्थाचा फार आधार असतो. ऊठ, ठरव, सोड. कवितेने मला थांबायला शिकवले होते. ही पुस्तके थांबण्यालाच आजार म्हणत आणि औषधही त्याच पानावर देत. त्यांतली माणसे पहाटे उठत, धावत, ध्येये लिहून काढत. त्यांच्यातल्या कुणालाच बहीण नव्हती, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले.

या पुस्तकात एक तक्ता होता: तुम्हाला मागे खेचणारी पाच माणसे, नाव आणि कारण. आमच्या घरी छापील प्रश्न कोरा सोडण्याची रीत नाही. बाबा माजरीच्या कोळसा खाणीत कामाला होते. अक्षरे ते तिशीत, विहारातल्या वर्गात शिकले. तेव्हापासून अर्ज कोणताही असो, प्रत्येक रकाना खरा आणि पुरा भरायचा, ही त्यांची शिस्त. रकाना कोरा राहिला की तिथे आपल्याबद्दल दुसराच कुणी लिहितो, असे ते म्हणत. मी चार ओळींत चार मित्र बसवले. पाचवी उरली. पेन्सिल बराच वेळ कागदाच्या वर थांबली होती. मग मी लिहिले: ताई.

ताई धानोरा तालुक्यातल्या या गावात परिचारिका आहे. गावातल्या मुलींसाठी तिने उपकेंद्रात एका फळीवर पुस्तके मांडली आहेत; प्रत्येक पुस्तक आधी स्वतः वाचते, कव्हर घालते, मगच तिथे ठेवते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ती माजरीला आली आणि नेहमीप्रमाणे माझी वाचून झालेली पुस्तके घेऊन गेली. तो तक्ता मी विसरलो होतो. त्यानंतर तिचे संध्याकाळचे फोन थांबले, आणि मी वहीत नोंद केली: रोज वीस मिनिटे मोकळी. दोन महिने मला वाटत राहिले की पुस्तकाचा उपाय लागू पडतो आहे.

गुरुवारी धानोऱ्याला गेली की ती बाबांना फोन करते. तिचा आवाज बारीक लागतो, एवढेच म्हणून बाबांनी आज मला जवसाची चटणी आणि एक शाल देऊन इकडे पाठवले. एसटीच्या थांब्यावर सोमारीबाई न्यायला आली होती. धान कापलेल्या बांध्यांमधून चालताना तिने दूरच्या टेकडीवरचा एक दगड दाखवला. गावात फोनला टॉवर भेटत नाही, तिथे भेटतो. पाऊण तासाचा चढ आहे.

"बाई रोज सांजीले तिथी जाये, तुमाले फोन कराले," ती म्हणाली. "पावसातबी. आता जात नाई. फोन खराब झाला का तुमचा?"

हो म्हणालो. उपकेंद्रात पोहोचताच त्या फळीवर मी हे पुस्तक शोधले आणि पान काढले. तोच ताई आली होती.

"वाचलं मी ते," ती म्हणाली. "नेल्याच्या दुसऱ्याच दिवशी."

एक ओळ कोरी राहत होती, बाबांची शिस्त तुला ठाऊक आहे, असे काहीबाही मी सांगू लागलो आणि मध्येच अडखळलो. ती किंचित हसली.

"तुह्याच पुस्तकात लिवलं हाये, गिऱ्हाइकाचं पुरं आयकून घ्याचं. बोल. आयकून राह्यली मी."

मी पुन्हा कोऱ्या ओळीचेच सांगितले.

"बाकी चौघाच्या नावापुढं एक-एक शब्द हाये, राजदीप. माह्या नावापुढं दोन ओळी."

ते खरे होते. 'रोज फोन करते. निकाल विचारत नाही, पण तिच्या न विचारण्यातून मला तोच ऐकू येतो.' दोन वर्षांत माझ्या हातून उतरलेले तेवढेच एक वाक्य चांगले होते. आणि तिच्यासमोर बसून त्या क्षणीही मला ते चांगले वाटले, याहून मोठी लाज मला ठाऊक नाही.

मुलींनी हे वाचले का, मी विचारले.

"चंचलनं इचारलं, हे ताई कोन. मी म्हटलं, असंल कोनाची तरी."

मला क्षमा मागायची होती. त्या पुस्तकांत क्षमा मागण्याच्याही पायऱ्या दिलेल्या आहेत. त्या मला पाठ होत्या, म्हणूनच त्यांतली एकही उच्चारवेना. मी फक्त विचारले, "ताई, उद्यापासून फोन करशीन?"

तिने माझ्याकडे पाहिले. मग ती उठली. पलीकडच्या टोल्यावर, त्या लहानशा वस्तीत, कालच बाळंत झालेली एक बाई होती. ताईने बाळाचा वजनकाटा पिशवीत घातला, मला जेवू घालायला सोमारीबाईला सांगितले, चपला पायांत सरकवल्या आणि बांधावरून चालू लागली.