कापसाचा खोकला

आमच्या घरात खोकल्याला कुणी भीक घालत नाही. खाली गाद्यांचं दुकान, वर आम्ही. दिवसभर कापूस उडतो, मग माणूस खोकणारच! सासरे पंधरवडाभर ढासत होते, तरी सासूबाई "पाणी प्या" म्हणून मोकळ्या व्हायच्या. नात झाल्यापासून तर सासऱ्यांचे पाय जमिनीवर नव्हते. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून वर यायचे आणि माझ्या लेकीच्या कपाळाला नाक लावायचे.

बाळाला दवाखान्यात वजनाला नेलं, तेव्हा तेही आले. तिथेच त्यांना उबळ आली. चेहरा लालबुंद, श्वास ओढताना शिट्टीसारखा आवाज, शेवटी ओकारी. डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या.

"आजोबा, हा कापूस नाही. डांग्या खोकला वाटतोय."

"छे हो, तो पोरांना होतो!"

"मोठ्यांनाही होतो, आणि त्यांच्याकडून पोरांना. एवढ्याशा बाळाला कधी खोकताही येत नाही, श्वासच थांबतो. हिची या खोकल्यावरची पहिली लस दीड महिन्याची झाल्यावर. तोवर लांब राहा."

माझं डोकंच फिरलं. इतके दिवस झोपला होतात का, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले, चोरी पकडल्यासारखे, आणि मी बाळाला दुपट्यात गुंडाळायला लागले.

घरातल्या सगळ्यांना औषध सुरू झालं. आम्ही मोठ्यांनीही लस टोचून घेतली. "या वयात मला सुई!" म्हणत सासूबाईंनीसुद्धा. सासऱ्यांनी अंथरूण दुकानात नेलं. पुढे डॉक्टरीणबाई "आता चालेल" म्हणाल्या, तरी पठ्ठ्या वर येईना. "आधी तिला टोचू दे." जिन्याखालून विचारायचे, "श्वास घेतेय ना?"

"घेतेय हो, बाबा! तुमच्यापेक्षा बरा घेतेय!" मी खेकसायचे, आणि मग गुपचूप तिच्या नाकापाशी कान न्यायचे. जीव नुसता टांगणीला लागला होता.

लसीच्या दिवशी मी तिला मुद्दामच त्यांच्या मांडीवर ठेवलं. सुई टोचली. तिनं तोंड उघडलं, पण आवाजच नाही. सासरे तिच्या नाकापाशी वाकले. आणि मग असा टाहो फोडला बयेनं, की बाहेरच्या रांगेतली पोरंही रडायला लागली.

सासऱ्यांच्या डोळ्यांना धार लागली. "रड गं माझे आई, रड."

सिस्टर हसल्या. "आजोबा, बाळ रडलं की गप्प करतात."

"करतो की," ते म्हणाले, "जरा ऐकू तर द्या."